तीन का, शून्य का नाही?

भाजे
१८ जून २०२४

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो आणि या दोन खोल्यांच्या घरात आई प्रत्येक शब्द ऐकते. मागच्या वेळी तू जे ओरडलास ते तिने भाकरी थापता थापता ऐकलं. म्हणून आता लिहिणार. उत्तर मात्र शाळेच्या पत्त्यावर पाठव. घरी पाठवलंस तर आई वाचेल. चौथी शिकलेली आहे, आणि पाकीट कुणाच्या नावाचं आहे हे बघायची तिला सवय नाही.

बुद्धपौर्णिमेला तू भुसावळहून रजा काढून आलास, विहारात सगळ्या वस्तीसमोर आईला उभं केलंस आणि मशेरी सोडल्याची शपथ घ्यायला लावलीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती शपथ तीन दिवस टिकली. चौथ्या दिवशी मला डबी सापडली, ज्वारीच्या डब्यात, ज्वारीच्या खाली. म्हणाली, "ती जुनीच हाय गं, ऱ्हायलीय तितं." डबी अर्धी भरलेली आणि आईचे दात काळे. सोळा वर्षं मी पहिली-दुसरीला शिकवतेय दादा. खोटं बोलताना माणूस कुठे बघतो ते मला कळतं.

तळेगावच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गालाच्या आतला पांढरा चट्टा पुन्हा पाहिला. तुकडा काढून तपासला होता, त्यात अजून कॅन्सर नाही. 'अजून' हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. तोंडात उभी तीन बोटं जायला हवीत, आईच्या दोन जातात. भाकर ती हल्ली दुधात कुस्करून खाते आणि मला सांगते, "दूध आवडाय लागलंय." मशेरी थांबली तर चट्टा थांबू शकेल. नाही थांबली तर काय, ते मी लिहीत नाही. ऑक्टोबरात परत दाखवायचंय.

मी बाईंना म्हटलं, समजावून समजावून थकले, पालथ्या घड्यावर पाणी. त्या म्हणाल्या, समजावूच नका. एक पद्धत आहे, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. त्यात समुपदेशक उपदेश करत नाही, प्रश्न विचारत जातो आणि सोडायचं कारण त्या माणसाच्याच तोंडून येतं. लोणावळ्यात कुणी माहीत नाही, ऑनलाइन शोधा. चिठ्ठीच्या मागे नाव लिहून दिलं. आई बसमध्ये म्हणाली, "मुलाखत कसली? मला नोकरीला लावायची हाय का?"

तर गेले पंधरा दिवस मी शोधतेय. पहिलं एक ॲप. त्यात चौऱ्याहत्तर प्रश्न इंग्रजीत, ते मी भरले. मग एक मुलगा आला आणि म्हणाला, "विठाबाई जी, हाउ आर यू फीलिंग टुडे?" आई माझ्याकडे बघायला लागली. मराठीत कुणी आहे का विचारलं तर तीन दिवसांनी त्यांच्या यंत्राने उत्तर दिलं की आम्ही तुमच्या भावना समजू शकतो.

दुसरा सापडला तो कोटातला माणूस. मोटिव्हेशनल एवढाच शब्द त्याच्याकडे होता. म्हणाला, आरशासमोर उभं राहा आणि मूठ आवळून तीनदा म्हणा, मी जिंकणारच. आई म्हणाली, "निवडनुकीला उभा ऱ्हायलाय का ह्यो?"

तिसऱ्या बाई पुण्याच्या, मराठी, आणि जाहिरातीत नेमकं याच पद्धतीचं नाव. मला वाटलं सुटले. त्या बाईंनी चाळीस मिनिटं सडलेल्या जबड्यांची चित्रं दाखवली. आईने शांतपणे बघितली. फोन बंद झाला तशी उठली, डबी काढली आणि माझ्यासमोर मशेरी लावली. लपवून नाही, समोर. 'आता बोल' अशा डोळ्यांनी.

मी लग्न केलं नाही म्हणून आई माझ्या वाट्याला, हे मी कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते. मला वैताग आलाय. तू काहीतरी सुचव, पण शपथ सोडून.

तुझी,
रेणू


भुसावळ
२३ जून २०२४

प्रिय रेणूस,
जयभीम.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. आईने बाबासाहेबांच्या फोटोपुढे दिलेला शब्द मोडला. वर्कशॉपात मी चार लोकांना अभिमानाने सांगितलं होतं.

तू उगाच डोक्याला ताप करून घेतेस. व्यसन हे मनाच्या निर्धाराने सुटतं. कुणी अनोळखी बाई फोनवर प्रश्न विचारेल आणि आई सोडेल, हे तुला पटतं तरी कसं? मी सांगतो ते कर. मुळावर घाव घाल. आपल्या मागच्या पडवीत तो मशेरी भाजायचा जाड तवा आहे ना, तो भंगारात दे. सकाळी सरूबाई, नंदाबाई, चंपा, ज्या कुणी डब्या घेऊन येतात त्यांना स्पष्ट सांग, उद्यापासून यायचं नाही. आई घरापुरती भाजत नाही, अख्ख्या आळीला पुरवते. दुकानच बंद केलं की माल कुठला?

थोडे दिवस चिडेल. चिडू दे. आबा असते तर त्यांनी हेच केलं असतं.

तुझ्या वहिनीचा, अनघाचा, तुम्हा दोघींना जयभीम.

तुझा,
दादा


भाजे
१० जुलै २०२४

प्रिय दादा,
जयभीम.

आबांनी हे केलं नसतं. आबा दर आठवड्याला कामशेतच्या बाजारातून तिला तंबाखूची पानं आणून द्यायचे, कोवळी निवडून. पण तुझं ऐकलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचं मी ऐकलं, ही माझी चूक.

तवा भंगारवाल्याला दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आल्या. मी दारात उभी राहून, शाळेत वर्गाबाहेर काढताना वापरते त्या आवाजात सांगितलं, की आजपासून नाही. चंपा बिचारी "बरं ताई" म्हणून वळली. सरूबाई नाही वळली. "इठे," तिने माझ्या खांद्यावरून आत हाक मारली, "लेकीनं हाकलली बघ आमाला." आई बाहेर आली नाही. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी कळलं की सरूबाई तिच्या घरी कढईत भाजते, कच्ची, आणि आईला पुडी बांधून पाठवते. आधी दिवसाला चारदा लावायची, आता पाचदा. घे तुझा घाव, घे तुझं मूळ.

आणि आई विहारात जात नाही. तुझ्या शपथेनंतर एकदाही नाही. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास आहे, ग्रंथवाचन सुरू होईल, दरवर्षी पहिल्या रांगेत बसणारी बाई. विचारलं तर गुडघा दुखतो म्हणते. त्याच गुडघ्याने ती सरूबाईकडे चढण चढून जाते.

म्हणून मी परत शोधायला बसले. या वेळी कुणाची जाहिरात वाचली नाही. अकरा जणांना एकच ओळ पाठवली: पहिल्या तासाला तुम्ही काय करता? नऊ जणांनी आपापल्या पदव्या पाठवल्या. एकाने उत्तरच दिलं नाही. एकीने लिहिलं, 'ऐकते.' तिचं नाव सई. सांगलीत बसते, वय तिशीचं, मराठी आपल्यासारखं.

रविवारी अकरा वाजता पहिली बैठक झाली. मी आईशेजारी बसले. सईने पहिला प्रश्न काय विचारावा? "विठाबाई, मशेरीचं तुम्हाला काय आवडतं?"

दादा, मला वाटलं ही विकायला बसलीय का. मी म्हटलं, "तिला आवडत वगैरे काही नाही, नुसती सवय आहे." सई म्हणाली, "रेणुकाताई, आईंकडून ऐकू का?" आई म्हणाली, "रेणू सांगंल की." ते असंच आहे ना आपल्याकडे. दवाखान्यात आईला कुठे दुखतं ते मी सांगते, बँकेत मी, रेशनवर मी. सईने पुढचं विचारलं, सोडायची तयारी शून्य ते दहात किती. मी म्हटलं दहा. ती आईकडेच बघत राहिली. आई म्हणाली, "तीन."

आणि ती पोरगी खूश झाली! म्हणते, "तीन का, शून्य का नाही?"

माझ्या वर्गात पोराला दहापैकी तीन पडले तर मी असं विचारते का, की बाळ, शून्य का नाही पडले? सात कुठे गेले ते विचारायचं सोडून! आईने तोंड उघडलं, काहीतरी बोलणार होती, आणि चित्र गोठलं. रविवार. धबधब्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्या मळवली स्टेशनपर्यंत लागलेल्या, दहा हजार माणसं फोटो पाठवतायत, भाज्याच्या माणसाला रेंज कुठून मिळणार? मी फोन घेऊन ओट्यावर, गोठ्यात, पार पाण्याच्या टाकीपाशी जाऊन आले. परत येऊन आईला विचारलं, काय सांगणार होतीस? म्हणाली, "तिला सांगनार व्हते. तुला न्हाई."

तीन का ते मला अजून माहीत नाही.

रेणू


भुसावळ
१९ जुलै २०२४

प्रिय रेणू,

ही बैठक-बिठक ताबडतोब थांबव. मशेरीचं काय आवडतं हा काय प्रश्न झाला? उद्या दारुड्याला विचारतील, दारूची चव कशी आहे. आपल्या समाजाला शिस्त हवी, गोंजारणं नको. पाचवं शील स्पष्ट आहे, नशा करायची नाही, त्यात शून्य ते दहा असं काही नाही.

तवा दिल्यावर असं होईल हे मला कसं कळणार? तू नीट बोलायला हवं होतंस.

अनघाने तुझी पत्रं वाचली. मी टेबलावर ठेवली होती. ती म्हणते, त्या सईचा नंबर मिळेल का. तिचं काही मनावर घेऊ नकोस. हल्ली तिला नवीन नवीन काहीतरी सुचत असतं.

आईला माझा जयभीम सांग. मी रागावलोय हे सांगू नकोस.

दादा


भाजे
१४ ऑगस्ट २०२४

प्रिय दादा,
जयभीम.

थांबवली नाही. तुझं एकदा ऐकून तवा घालवला, तेवढं पुरे.

पण माझंही काही चालेना. सलग दोन रविवार रेंजने खाल्ले. सई म्हणाली, मधल्या वारी करू. तिच्याकडे बुधवारी साडेअकराची वेळ. बुधवारी साडेअकराला मी शाळेत, पाढे घेत असते. म्हटलं, मग आई एकटी कशी बोलेल? तिला प्रश्न कळणार नाहीत, तिची भाषा तुम्हाला कळणार नाही, ती काहीही सांगेल. सई म्हणाली, "काहीही सांगू द्या की." वादच संपला. बुधवारी माझा फोन घरी ठेवते, आईला हिरवं बटण शिकवलं. दोन दिवसांत शिकली. मला गेले तीन बुधवार वर्गात काही सुचत नाही. संध्याकाळी विचारते, काय बोललात? आई म्हणते, "पाऊसपान्याचं." आणि मशेरी? एका आठवड्यात पाचाची तीनवर आली, पुढच्या आठवड्यात पुन्हा चारवर. सईला फोन करून जाब विचारला, तर तिने आईचं एक अक्षरही मला सांगितलं नाही. म्हणाली, "तुम्हाला किती काळजी वाटतेय ते दिसतंय." मी फोन ठेवून दिला. माझ्यावर कशाला प्रयोग?

आता जे लिहितेय ते मी कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या बुधवारी शाळेत पंखा जळाला, वर्गभर धूर. मुलांना लवकर सोडलं. घरी आले तर बाराला दहा कमी. दार लोटलेलं. हाक मारायला हवी होती. नाही मारली. पडवीत उभी राहिले.

आई बोलत होती. दादा, मला वाटायचं ती प्रश्नाला एका शब्दात उत्तर देते. ती सलग बोलत होती. "मशेरी कडूच वो ताई. धम्मा पोटात व्हता तवा दाढ लय ठनकायची, सासूनं बोटावर दिली, तवापासनं. पन मी भाजते आन् बायका येत्यात. पोरांचं आबा गेलं, रेणू साळंत जाती, धम्मा तिकडं लांब. सकाळी तवा ठिवला की वासावर चारपाच जनी येनार, बसनार. कुनाची सून, कुनाची म्हस. तवा न्हाई तर माज्या दारात कोन येनार?"

सई म्हणाली, "म्हणजे मशेरी सोडली तर बायका सुटतील, ही भीती आहे."

"व्हय," आई म्हणाली. "बरूबर हेच."

मग म्हणाली, "आन् त्या विहारात टाळ्या वाजवल्या ना, तितं मी खोटी पडले. घरी वंदना म्हनते, चार शिलं म्हनते. पाचव्याला खोकते. रेणूला वाटतं ठसका लागला." मला तसंच वाटलं होतं. सोळा वर्षं खोटं ओळखणारी मी.

मग सईने परत तेच विचारलं. त्या दिवशी तीन म्हणालात, शून्य का नव्हतं? रस्त्यावरून पवनानगरची जीप गेली तिचा आवाज येऊन गेला. मग आई म्हणाली, "मी गेले तर रेणू एकटी ऱ्हाईल. तिला भांडाय कोन? तेवढ्यासाटी तीन."

मी पडवीतून तशीच मागे फिरले, स्टेशनपर्यंत चालत गेले आणि बाकावर बसून रडले. लोकलची वाट बघणाऱ्या दोन बाया विचारत होत्या, काय झालं बाई. तेवीस वर्षं मी तिला 'सोड' म्हणतेय. एकदाही विचारलं नाही की तुला त्यात काय मिळतं. आणि ती सांगलीची पोरगी पहिल्याच वाक्यात विचारून मोकळी झाली, आणि मी तिच्यावर चिडले होते.

स्टेशनाजवळच भंगारवाल्याचं दुकान आहे. तवा अजून तिथेच होता, एका फुटक्या कूलरखाली. घेऊन आले. आईने बघितला, घासून ठेवला. आता ती त्याच्यावर परत मशेरीच भाजेल की काय, मला माहीत नाही. कदाचित मी पुन्हा चूकच केली. तू ओरडशील. ओरड.

वहिनीला सईशी कशाबद्दल बोलायचंय? तिला बरं नाही का? मला काळजी वाटते.

रेणू


भुसावळ
६ सप्टेंबर २०२४

रेणू,

तवा परत आणलास! आता बोलण्यासारखं काही उरलं नाही.

आईचं एकटेपण वगैरे ठीक आहे. एकटेपण कुणाला नसतं? म्हणून माणसाने शील मोडायचं? मी ठरवलंय. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, तेव्हा मी येतोय. विहारात भन्तेजी असतील. आईला पुन्हा उभं करू आणि पुन्हा शपथ देऊ, या वेळी त्यांच्या हस्ते. मी तालुक्यातल्या दोनचार कार्यकर्त्यांनाही बोलावतोय. एवढ्या लोकांसमोर दिलेला शब्द ती मोडणार नाही. आईला आधी सांगू नकोस, नाहीतर गुडघ्याचं निमित्त काढेल.

अनघाला काही झालेलं नाही. तिला सईचा नंबर देऊ नकोस. आमच्या घरातलं आम्ही बघू.

घाईत लिहितोय, ड्यूटीवर जायचंय.

दादा


भाजे
२९ सप्टेंबर

चि. धम्मदीप,
आईचा जयभीम. खुशाल आसशील.

तुझं पाकीट घरी आलं. तुझी पत्रं साळंत येत्यात हे मला ठावं हाय, पन घाईत तू घरचाच पत्ता घातलास. वर रेणूचं नाव व्हतं, मी फोडलं. वाचून तीन आठवडं झालं, पन लिवाय येळ लागतो, हात बसलेला न्हाई. रेणूला मी त्यातलं काय बी सांगितलं न्हाई. ती पोस्टावर चिडलीय, दादाचं पत्र आलं न्हाई म्हनून. तिला चिडू दे. तिला चिडल्याबिगर बरं वाटत न्हाई.

तळेगावला जाऊन आले. डागदरीन ऑक्टोबरात ये म्हनली व्हती, मीच म्हनलं आधी जाऊ. चट्टा वाढला न्हाई. कमी बी न्हाई. बोटं आजून दोनच जात्यात. मशेरी आता दिसाला येकदा, सकाळी च्या झाल्यावर. ती सुटंना. सई म्हनली दहापैकी किती, मी म्हनलं सा. येखांद्या दिशी चार बी आसतं. परवा सरूबाई म्हनली, इठाबाई साळंत बसली, हिला मार्क पडाय लागलं. लय राग आला. त्या दिशी तीनदा लावली. हे बी मी सईला सांगितलं. ती रागवली न्हाई.

तव्यावर आता मी जवस आन् ओवा भाजते, मीठ घालून. चंपा येती. नंदाबाई येती, पन तिची डबी ती घरनं भरून आनती आन् माज्या दारात बसून लावती. सरूबाई येत न्हाई. तिचं मला वाईट वाटतं. दोघी येका वर्साच्या सुना आमी. पन सगळ्या सुटतील वाटलं व्हतं, तशा सुटल्या न्हाईत.

आता तुझं. बुद्धपुनवेला तू मला उभं केलंस, शपथ दिलीस, समद्यांनी टाळ्या वाजवल्या. तू लय जोरात वाजवत व्हतास. वाजवताना तुझ्या वरच्या खिशातनं पुडी वर आलेली मला दिसली. लाल. तू हातानं आत ढकललीस. घरी आल्याव तू परसात जाऊन चार तांबं पानी घिऊन तोंड धुतलंस, आन् मग माज्या जवळ बसलास. मी आई हाय धम्मा. मशेरीवाल्या बाईला तंबाकूचा वास शिकवाय लागत न्हाई. मी तवा काय बोलले न्हाई. म्हनलं, पोरगा माज्या चांगल्यासाटी करतोय, त्याला समद्यांम्होरं कशाला पाडू.

तू बी मला पाडाय नको व्हतंस.

अनघाला नंबर देऊ नको म्हनून रेणूला लिवलंस. ते वाचलं तवाच वळखलं, तिला कशाला पायजे. रेणूला आजून वाटतं अनघा आजारी हाय. रेणू हुशार हाय, पन दादापुढं तिला दिसत न्हाई. चंपाकडनं अनघाला फोन लावला. ती लय रडली. म्हनली, आई, ह्यांना तिखट लागंना झालंय, भाजी आळनी करते, आन् म्हनत्यात मला आशीच आवडती. मी दूध आवडतं म्हनत व्हते तसंच की रं.

नंबर मी दिला. माज्यावर राग धर, अनघावर नको.

काल घरी वंदनेला पाचवं शील म्हनलं. मोठ्यानं न्हाई म्हनलं, आजून तेवढं आपलं न्हाई. हळूच म्हनलं. रेणूनं माज्याकडं बघितलं आन् परत फोटोकडं बघाय लागली. तू विहारात लय मोठ्यानं म्हनतोस. तू बी थोडं दिस हळू म्हन.

पुनवेला ये. शपथ बिपथ नको, मानसं बोलवू नको. मी विहारात जानार हाय, माज्या पायानं, कुनी उभी केली म्हनून न्हाई. मागच्या रांगंत बसनार. तू माज्या शेजारी बस.

आन् येक काम कर. हे पत्र वाचून झालं की आरशाम्होरं जा. दार लावून घे. तोंडात उभी तीन बोटं घालून बघ, जात्यात का. मग मला लिव, दहापैकी किती. शून्य आसंल तर शून्य लिव. मी टाळ्या वाजवनार न्हाई आन् वरडनार बी न्हाई. येक आसलं, तर येवढंच इचारीन, येक का, शून्य का न्हाई.

उत्तर साळंच्या पत्त्याव पाठवू नको. घरीच पाठव. फोडायचं मला म्हाईत हाय.

तुझी आई,
विठाबाई सीताराम